दऱ्या, दर्या आणि माझा धंदा

पुणे, रविवार

प्रिय मित्र अविनाश यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अक्षर कसे असावे हे व्याकरणाने ठरवायचे की चित्रकाराने, आणि तुम्ही डिझाइनवाले या दोहोंपैकी नेमके कोण, हा तुझा प्रश्न थोडा खवचट असला तरी रास्त आहे. त्याला सरळ उत्तर देण्यापेक्षा गेल्या महिन्यातला एक प्रसंग सांगतो.

एका डोंगराळ तालुक्यातल्या कचेरीने घाटमाथ्यावर लावण्यासाठी पाट्या करून घेतल्या आणि त्यांसाठी मी काढलेला फाँट वापरला. पाटीवर मजकूर उमटला तो असा: ‘पुढे खोल दर्या आहे. कडेला जाऊ नये.’ सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र! पाट्या खांबांवर चढल्यानंतर कोणाच्या तरी हे लक्षात आले आणि साहेबांनी मला फोन करून फाँटात दोष असल्याचे सुनावले. मी मूळ फाइल मागवून पाहिली. लिहायचे होते ‘दऱ्या आहेत’. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी र, हलन्त आणि य या कळा दाबल्या होत्या, आणि त्या क्रमाने रफारच यायला हवा, तसा तो आला होता. ‘दर्या’ उमटलेला पाहून पुढे कोणीतरी क्रियापदही एकवचनी करून ठेवले, म्हणजे चूक व्याकरणशुद्ध झाली!

बाईंनाही दोष देववत नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर ‘जे’च्या कळीने र उमटतो, ‘दऱ्या’ हवे असेल तर शिफ्ट धरून तीच कळ दाबावी लागते, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ मिळतो, आणि मग हलन्त व य. पण हा टिंबवाला ऱ आपल्याला बाराखडीत कोणी शिकवला होता का? युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या, तक्त्यात तो द्राविडी भाषांतल्या एका निराळ्या र-काराचे देवनागरीत लिप्यंतर करण्यासाठी म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याचेच अर्धे रूप आपल्या दऱ्याखोऱ्यांच्या, सुऱ्याकातऱ्यांच्या वाट्याला आले आहे. आचार्यांना दिलेली दक्षिणा आचाऱ्यांना जाऊ नये एवढ्यासाठी मराठी माणसाने जी खूण शतकानुशतके जपली, ती यंत्रात अशी पाहुण्याच्या नावावर राहते.

आता तूच सांग, हा प्रश्न कोणाच्या खात्यावर टाकायचा? उच्चारभेद तुझ्या व्याकरणाचा, संकेतांक अभियंत्याचा, कळफलक प्रमाणीकरण करणाऱ्यांचा आणि माझ्याकडे फक्त ‘दऱ्या’तल्या य ला चिकटणाऱ्या त्या अर्धचंद्राचा बाक. तरी फोन आला तो मला.

तुझ्या वडिलांच्या छापखान्यात हा घोटाळा होणे अवघड होते. तिथे अर्ध्या ऱ चा खिळा (शिशाचे अक्षर) केसच्या, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीच्या, एका घरात आणि रफाराचा दुसऱ्या घरात असे. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा हात न बघता योग्य घराकडे जाई. ‘तिकडे नको, ते कार्याचं घर आहे,’ असे म्हणून तिथल्या गणूकाकांनी माझ्या हातावर चापट मारली होती, ती अजून आठवते. व्याकरण तिथे लाकडी खणांतच मांडलेले होते. ती मांडणी ज्याने प्रथम केली त्याला कोणी डिझाइनर म्हटले नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काळात ठसे कोरणारे तर कारागीरच म्हणवले गेले. पुढे अक्षर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या चित्रकारांकडे आणि जाहिरातीच्या धंद्याकडे गेले. 1969 साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. ते उभारणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे. मध्ये शिकून नंतर जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेलेले, म्हणजे एक पाय चित्रकलेत आणि एक यंत्रशास्त्रात. त्याच केंद्रात पुढे र. कृ. जोशी शिकवू लागले. ते जाहिरातीत मुरलेले, सुलेखनकार आणि वर कवी. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. त्यांना कोणत्या विभागात बसवशील? मला वाटते, आमच्या क्षेत्राला स्वतःची अशी जमीन नाही. आम्ही कूळ म्हणून दुसऱ्यांच्या शेतात राबतो आणि दर पिढीला मालक बदलतो. याचे मला पूर्वी वैषम्य वाटे, आता वाटत नाही.

एक कबुली मात्र तुझ्यापाशी द्यायला हवी. माझ्या पहिल्या फाँटात मी ल दंडयुक्त, म्हणजे हिंदीसारखा उजवीकडे उभा दांडा असलेला, आणि श ही हिंदी वळणाचा काढला होता, कारण ती रूपे ओळीत अधिक भरीव दिसत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे आहेत हे तू तेव्हा बजावले होतेस आणि मी ते मास्तरकी म्हणून उडवून लावले. 2009 साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात नेमकी तीच रूपे आली, तेव्हा मी मुकाट्याने दोन्ही अक्षरे नव्याने काढली. डोळ्याला काय भरीव दिसते हे मला कळत होते. वाचणाऱ्याला ते परके वाटेल हे तुला कळत होते. तेव्हा मी तुला फाँटाच्या कामात आधीच बसवून घ्यायला हवे होते.

पाट्यांचे काय केले, हे राहिलेच. फाँटाला हात लावला नाही. बोटभर रुंदीची कागदी पट्टी छापली, तिच्यावर एका बाजूला ‘सूर्य, कार्य, आचार्यांना’ आणि दुसऱ्या बाजूला ‘दऱ्या, सुऱ्या, आचाऱ्यांना’ असे लिहून खाली कळांचा क्रम दिला आणि ती बाईंच्या कळफलकाच्या वरच्या कडेला चिकटवून आलो. साहेबांनी विचारले, ‘यात डिझाइन कुठे आहे?’ बिल मात्र त्यांनी मंजूर केले, डिझाइनच्याच शीर्षाखाली.

दिवाळीत येतो आहे. माळ्यावरच्या त्या जुन्या केस अजून मोडीत घातल्या नसतील तर उतरवून ठेव. अर्ध्या ऱ चे घर किती झिजले आहे ते मला पाहायचे आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन