बॅग मुलंच भरतील, असं बजावणाऱ्या आमच्या मॅनेजर ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, या अटीवर तुम्ही या पत्राला होकार दिलात, म्हणून नुसतं ताई. सोलापुरात ज्या घरी पोहणारं मूल आहे, त्या घरी तेवढं पुरतं. यंदापासून तुम्ही मुलांच्या पोहण्याच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून बाहेरगावी येणार नाही हे कळलं, आणि पालकांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. मला तेवढ्यावर भागवता येईना. तुमची लेक पोहणं थांबवून, शिकून नोकरीला लागली, तरी तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांचे ओले टॉवेल गोळा करत राहिलात. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. उलट रिक्षाभाडं पुष्कळदा तुमच्याच पर्समधून गेलं. तेव्हा आभार तरी तपशीलवार मानावेत, म्हणून बसले लिहायला.

पोहायला सरांनी शिकवलं. बाहेरगावी जाऊन पोहायला मात्र तुम्ही शिकवलंत, आणि मुलांपेक्षा आम्हा आईबापांना जास्त.

पुण्यात बालेवाडीला झालेल्या राज्य स्पर्धेआधीची ती बैठक आठवते? तलावाच्या कट्ट्यावर आम्ही सगळे बसलेलो आणि प्रत्येकाच्या डोक्यात जलतरणपटू वीरधवल खाडे. कोल्हापूरचा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला जातो, २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणतो, मग आपल्या पोरानं बालेवाडीत तरी काही करून दाखवायला नको का? एका बाबांनी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्यांना दहावीला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांची चौकशी करायची होती. त्यांचं पोरगं तेव्हा पाचवीत होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुमच्या मुलाला स्वतःची कॅप स्वतः घालता येते का?" निम्म्यांना येत नव्हती. घरून येतानाच आई डोक्यावर चढवून द्यायची.

मग गृहपाठ मिळाला तो आम्हाला. स्पर्धेपर्यंत दर रविवारी बॅग मुलांनी भरायची, पालकांनी तिला हात लावायचा नाही, विसरलं तर तलावावर आणूनही द्यायचं नाही. आमच्या घरी हे फार जड गेलं. लेक एका रविवारी गॉगल विसरली आणि लाल डोळे चोळत घरी आली. तिच्या आजीनं तुम्हाला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. पण पुढच्या रविवारी बॅगेत तीन गॉगल निघाले, त्यातला एक भावाचा. बालेवाडीत शर्यतीच्या जरा आधी तिच्या गॉगलचा पट्टा तुटला, तेव्हा तिनं कुणाला हाकही मारली नाही. दुसरा काढला, डोळ्यांवर दाबून पाहिला आणि गेली. मी वर गॅलरीत होते. मला हे संध्याकाळी कळलं.

तलावातल्या तयारीबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं, कारण बाहेरच्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. आपला तलाव २५ मीटरचा, स्पर्धेचा ५० मीटरचा. १०० मीटर फ्रीस्टाइलला आपल्याकडे तीन वळणं, तिथं एकच. दर वळणाला भिंतीला पाय मारून फुकटचा वेग मिळतो. तिकडे ती फुकटेगिरी बंद. म्हणजे मुलाचं टायमिंग तिथं दोन-तीन सेकंदांनी जास्त आलं तर ते पोर मंदावलेलं नाही, तलाव लांब झालाय. हे तुम्ही आम्हाला वहीत आकृती काढून समजावलंत. नाहीतर पहिल्याच दिवशी गॅलरीत निम्मे बाप कपाळाला हात लावून बसले असते, आणि पोरांनी पाण्यातून वर पाहिल्यावर त्यांना पहिलं तेच दिसलं असतं.

बॅकस्ट्रोकच्या बाबतीत तर तुम्ही कमाल केलीत. स्पर्धेच्या तलावावर भिंतीच्या पाच मीटर अलीकडे डोक्यावरून पताकांची दोरी असते. पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून पताका दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं. आपल्याकडे पताका कुठल्या? मुलं अंदाजानं पोहायची, कुणी डोकं आपटून घ्यायचं, कुणी भीतीनं आधीच थांबायचं. तुम्ही जुन्या साड्यांचे काठ कापून नायलॉनच्या दोरीला बांधलेत, टेपनं मोजून पाच मीटरवर दोन्हीकडे ताणलेत आणि प्रत्येक मुलाला आपापला आकडा पाठ करायला लावलात. माझ्या लेकीचा पाच होता. उंची वाढली तसा चार झाला, तर ते तिनं वाढदिवसासारखं सगळ्यांना सांगितलं.

शिट्ट्यांचंही तसंच. आखूड शिट्ट्या वाजल्या की अंगावरचे कपडे काढून तयार व्हायचं, एका लांब शिट्टीला सूर मारायच्या ठोकळ्यावर चढायचं, मग "टेक युअर मार्क्स", मग भोंगा. भोंग्याआधी सुटलं तर बाद, दुसरी संधी नाही. सर तंत्र शिकवत असताना तुम्ही बाजूला शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या आणि "टेक युअर मार्क्स" म्हटल्यावर मुद्दाम थांबायच्या. कधी लगेच आवाज, कधी इतका उशीर की पोरांच्या पोटऱ्या थरथरायच्या. सरावात कितीतरी जण धपाधप पाण्यात पडले, हसले. बालेवाडीत आपल्या संघातलं एकही पोर त्या कारणानं बाद झालं नाही.

वॉर्मअपच्या गर्दीची सवय व्हावी म्हणून तुम्ही सगळ्यांना एकाच लेनमध्ये कोंबायच्या, हे तेव्हा आम्हाला छळच वाटायचं. तिथं गेल्यावर पाहिलं, एकेका लेनमध्ये माणसं माशांसारखी. सूर मारायचा नाही, पाय आधी टाकून उतरायचं, उजव्या बाजूनं पोहायचं. आपली मुलं निवांत होती. शेजारच्या गावचं एक पोर मात्र काठावर रडत बसलं होतं, त्यालाही तुम्हीच आपल्या मुलांच्या मागे लावून दिलंत.

खाण्यावर तुमचा एकच कायदा: जे घरी खाऊन पोहून पाहिलं नाही, ते तिथं खायचं नाही. पुण्याला पोचलं की पोरांना पिझ्झा आणि बापांना मिसळ दिसते. तुम्ही कडक भाकरीचा डबा काढायच्या. सोलापूरकराला प्रवासात भाकरी-शेंगाचटणी सोडून दुसरं काही सुचत नाही हे खरं, पण चटणीचा डबा शर्यती संपेपर्यंत तुमच्या ताब्यात. तोवर दह्याबरोबर भाकरी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, साधी इडली, दहीभात. शर्यतीआधी दोन-अडीच तास पोटभर काही नाही. आणि पाणी. पाण्यात असलेल्या माणसाला घाम येतो, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. प्रत्येकाच्या बाटलीवर नाव, आणि दुपारपर्यंत ती किती रिकामी झाली हे तुम्ही बघणार. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात पोरांना "पाणी संपवा" म्हणून रागावणारी बाई एकच असावी.

गॅलरीच्या तापलेल्या सिमेंटवर आपली जाड सोलापुरी चादर पसरली की तो आपल्या संघाचा मुक्काम. दोन शर्यतींच्या मध्ये ओला कॉश्च्यूम बदलायचा, अंग कोरडं करून जाकीट घालायचं, चादरीवर आडवं व्हायचं, इकडेतिकडे भटकायचं नाही. हातावर बॉलपेननं शर्यत, हीट (म्हणजे शर्यतीतला आपला गट) आणि लेनचे आकडे. हुशार मुलंसुद्धा ऐनवेळी हे विसरतात, म्हणून परीक्षेत पहिली येणाऱ्या मुलीच्याही हातावर तुम्ही लिहायला लावलंत.

मुलींच्या आया तुम्हाला एका गोष्टीसाठी जन्मभर दुवा देतील. मुलं खोलीत एकटी असताना एकट्या मोठ्या माणसानं आत जायचं नाही, मग तो कुणीही असो. दार उघडं. कपडे बदलायच्या खोलीत फोन नाही, कुणाचाच नाही. रात्री नऊला सगळ्यांचे फोन तुमच्या पिशवीत. एका पालकांना हे लागलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "विश्वास आहे म्हणून तुमच्या तोंडावर सांगते." त्यावर कुणी बोललं नाही. पाळीबद्दलही तुम्ही मुलींशी घरूनच निघण्याआधी बोलून घ्यायच्या. तारीख जवळ आली असेल तर काय करायचं, पोहायचं की नाही हे कुणी ठरवायचं, कुणाला सांगायचं. माझ्या वेळी शाळेच्या सहलीला हे सांगायला कुणी नव्हतं. आपल्या मुलींनी तुमच्यापाशी न लाजता येऊन सांगितलं, हे मला पदकापेक्षा मोठं वाटतं. एका लॉजवर आपल्याला कबूल केलेलं गरम पाणी मिळालं नाही, मुलींच्या खोलीची कडी लागत नव्हती. तुम्ही रात्री दहाला सगळा संघ उचलून दुसरीकडे नेलात आणि आम्हाला सकाळी कळवलंत, कारण रात्री कळवून आम्ही फक्त जागलो असतो.

आता त्या ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीबद्दल. लेक दुसरी आली होती, मग फलकावर तिच्या नावापुढे डीक्यू, म्हणजे बाद, लागलं. ब्रेस्टस्ट्रोकला आणि बटरफ्लायला भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. वळताना तिचा एक हात आधी लागला होता. तिचे बाबा गॅलरीतून उठलेच. खाली जाऊन पंचांना विचारतो, म्हणाले. तुम्ही जिन्यातच गाठून त्यांना सांगितलंत: आक्षेप लेखी द्यायचा असतो, शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासात, अनामत भरून, आणि तो संघाच्या जबाबदार माणसानं द्यायचा. "ती जबाबदार मी आहे, आणि मी पाहिलंय, एक हात आधी लागला." मग तुम्ही त्यांना चहा प्यायला पाठवलंत.

लेकीशी काय बोललात ते तिनं नंतर सांगितलं. काहीच नाही म्हणे. टॉवेल दिलात, बसू दिलंत, रडू दिलंत. सर बोलून गेल्यावर विचारलंत, "का बाद झालीस, तू सांग." तिनं सांगितलं. "पुढची शर्यत कितीला?" तेही तिनं सांगितलं. मग केळं दिलंत. आम्हाला तुमचा नियम होताच: शर्यतीनंतर आधी सर बोलतील, मग मूल बोलेल, आईबापांची पाळी शेवटी, आणि पहिला प्रश्न टायमिंगचा नसावा. मी तिला भेटले तेव्हा "भूक लागलीय का" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "ताईंनी शिकवलंय ना हे?" पोरं आपल्याला आरपार ओळखतात.

भुवनेश्वरच्या स्पर्धेचा प्रवास सांगायचा तर वेगळं पत्र लागेल. कोणार्क एक्स्प्रेसनं सोलापूरहून निघालं की रात्र, अख्खा दिवस आणि पुन्हा रात्र. पायांना गोळे येऊ नयेत म्हणून तुम्ही डब्यात व्यायामाचे रबरी पट्टे बर्थच्या शिडीला बांधलेत. विजयवाड्यापर्यंत डब्यातले आजोबाही हात ताणायला लागले होते. कलिंगा स्टेडियमच्या त्या दमट हवेत मुलांना बाटलीत मीठ-साखर-लिंबू घालून दिलंत. आणि तिथला टचपॅड, म्हणजे भिंतीवरची घड्याळाला जोडलेली पाटी. भिंतीला नुसतं बोट टेकवून भागत नाही, जोर लावून दाबावं लागतं, नाहीतर घड्याळ थांबत नाही. त्यासाठी निघण्याआधी महिनाभर मुलं आपल्या तलावाच्या भिंतीवर थापा मारत होती. तलावाचे रखवालदार वैतागले होते.

तुमची फाईल आता माझ्याकडे आली आहे. जन्मदाखल्यांच्या प्रती, आधार, बोनाफाईड, प्रत्येक मुलाच्या ॲलर्जीची नोंद, रक्तगट, आईबाप सोडून तिसऱ्या माणसाचा फोन नंबर, सगळं पारदर्शक कप्प्यांत, आडनावांच्या क्रमानं. मागच्या पानावर तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय, "मूळ कागद पालकांकडे परत देताना सही घेणे." ती घेईन.

पुढच्या रविवारी नव्या पालकांची बैठक आहे. कॅपचा प्रश्न मी विचारणार आहे, त्याबद्दल परवानगी असावी. एका आईनं आत्ताच फोन करून विचारलंय की बॅगेला हात लावायचा नाही म्हणजे चेन तरी लावून दिली तर चालेल का. मी नाही म्हटलं. तुम्ही या, मागच्या बाकावर बसा, चहा घ्या आणि मी काही चुकीचं सांगितलं तर बैठक संपल्यावर सांगा, मध्येच नको.

आपली,
एका पोहणाऱ्या मुलीची आई
सोलापूर