मराठी-कन्नड पॉलिसीपत्र स्क्रीन रीडरवर वाचता येत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

आम्ही बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील दृष्टिबाधित व कर्णबधिर विमाधारक आहोत. आपण ईमेलने पाठवता ते पॉलिसीपत्र दिसायला मराठी आहे, आतून नाही. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला उतरेल. मजकूर छपाईच्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केला आहे. डोळ्यांना ‘प्रतीक्षा कालावधी’ दिसतो, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामला) फक्त खालचे सांकेतिक अक्षर मिळते आणि तो तेच बडबडतो. शोधपट्टीत ‘विमा’ लिहिले तरी काही सापडत नाही. दाव्याच्या अर्जाची तर गोष्टच सोडा, तो स्कॅन केलेला फोटो आहे.

फॉन्ट बदलला तरी दुसरी अडचण उरते. डाव्या रकान्यात मराठी, उजव्यात कन्नड. पण पीडीएफला टॅग (मजकुराची रचना आणि वाचनाचा क्रम सांगणाऱ्या आतल्या खुणा) नसल्याने वाचन आडवे जाते : अर्धे मराठी वाक्य, अर्धे कन्नड, पुन्हा मराठी. दोन्ही भाषा एका पानावर असण्याला हरकत नाही, सीमाभागात त्या हव्यातच. फक्त आधी सगळे मराठी, मग सगळे कन्नड असे एकाखाली एक ठेवा. प्रत्येक भागाला त्याच्या भाषेची खूण द्या, म्हणजे आवाज आपोआप बदलतो. ती नसेल तर कन्नड परिच्छेद मराठी आवाजाच्या गळ्यात पडतो.

दुरुस्ती मूळ वर्ड फाइलमध्येच करावी. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावा (नुसते ठळक करून भागत नाही), आणि वगळलेल्या आजारांच्या तक्त्याची पहिली ओळ शीर्षओळ म्हणून ठरवा. पीडीएफ करताना ‘प्रिंट’ नव्हे, ‘सेव्ह अॅज’ वापरा आणि पर्यायांत रचनेच्या टॅगची चौकट टिक केलेली आहे ना ते पाहा. छापून केलेल्या पीडीएफमध्ये टॅग उरत नाहीत. कॉपी करण्यास बंदी घालत असाल तर स्क्रीन रीडरला मजकूर वाचू देणारी परवानगी मात्र चालू ठेवा. एवढे करूनही देवनागरीत ‘वि’ची वेलांटी कधी कधी व्यंजनाआधी निघून येते, म्हणून सोबत साधी एचटीएमएल (वेबपानाच्या रूपातली) प्रतही द्यावी. आमच्या मते तीच जास्त भरवशाची.

दाव्याची पद्धत सांगणाऱ्या व्हिडिओत पडद्यावर अक्षरे आणि मागे नुसते संगीत आहे, निवेदन नाही. मुलाखतीच्या व्हिडिओत उलट, बोलणे आहे, उपशीर्षके नाहीत. कर्णबधिरांना मदतीसाठी केवळ फोन नंबर आहे, तिथे लेखी संपर्काची सोय हवी. अटींचा फिकट करडा मजकूर पांढऱ्यावर, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात हवी असलेल्या ४.५ : १ या किमान तफावतीत बसत नाही.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण अटी वाचता आल्या तर ना! दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ४६ खासगी सेवादात्यांनाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

सध्याच्या पॉलिसींच्या वाचता येतील अशा प्रती १५ दिवसांत पाठवाव्यात. त्या पोचलेल्या दिवसापासून ३० दिवस मोजावेत. उत्तर ईमेलच्या मजकुरातच लिहावे, सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो जोडू नये.

आपले,
विमाधारक, खानापूर व निपाणी