पुतळ्याच्या बातमीत साल छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या स्मारकांविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात एक वाक्य हमखास असते : पुतळे हटवून इतिहास पुसला जात आहे. दक्षिणेच्या नेत्यांचे आणि शिपायांचे ते पुतळे कोणी, कधी आणि कुठे उभे केले हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तेवढी माहिती दिली तरी वाद वेगळा दिसू लागतो, म्हणून हे पत्र.

युद्ध १८६१ ते १८६५ या काळात, उत्तरेकडील राज्ये आणि संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडील राज्ये यांच्यात झाले. ते कशासाठी, हे दक्षिणेने तेव्हा लपवले नव्हते. जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून बाहेर पडताना मिसिसिपीने जे निवेदन काढले, त्याच्या सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे म्हटले आहे. फुटून निघालेल्या राज्यांच्या कॉन्फेडरसीने आपल्या घटनेत गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास मनाई केली. तिचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सवाना शहरात उघड सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या विचारावर नव्या सरकारची कोनशिला बसवली आहे. १८६० च्या जनगणनेत देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात तर ते निम्म्याहून अधिक होते.

पराभवानंतर भाषा बदलली. राज्यांच्या हक्कांसाठी लढलो, गुलाम सुखात होते, शौर्यात कमी पडलो नाही, केवळ संख्याबळापुढे हरलो, ही ‘लॉस्ट कॉज’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी. १८९४ मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या महिला संघटनेने तिचा पद्धतशीर प्रसार केला. शाळेची पाठ्यपुस्तके या कसोटीवर तपासायची आणि वर्गणी काढून स्मारके उभी करायची, ही दोन्ही कामे तिने चिकाटीने केली.

स्मारक पाहताना आधी साल पाहावे, मग जागा. युद्धानंतरच्या पहिल्या दशकांतली बरीच स्मारके दफनभूमीत आहेत. ती मृतांच्या आप्तांनी उभारली आणि त्यांच्यावर फारसा वाद नाही. मोठी लाट आली १९०० ते १९२० च्या सुमारास आणि तिची जागा होती जिल्हा न्यायालयाचे आवार. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला होता, १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी विभाजनाला मान्यता दिली होती. साक्ष द्यायला किंवा जमिनीची नोंद करायला आलेल्या काळ्या माणसाने दक्षिणेच्या शिपायाच्या पुतळ्यासमोरूनच आत जायचे, अशी ती रचना होती. याचा पुरावा भाषणांतही सापडतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील ‘सायलेंट सॅम’ या शिपायाच्या पुतळ्याच्या १९१३ च्या अनावरणात ज्युलियन कार या उद्योगपतीने, युद्धावरून परतल्यावर आपण एका काळ्या स्त्रीला चाबकाने कसे फोडून काढले, हे श्रोत्यांना अभिमानाने सांगितले.

कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्टची ‘मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनी’ जस्ताचे शिपाई ओतून उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे विकत असे. जस्त स्वस्त पडते, पण ठिसूळ असते. स्वतःच्या वजनाने ते वर्षानुवर्षे हळूहळू खचते, सांधे उघडतात, पाणी आत शिरते. म्हणून असा पुतळा उतरवताना गळ्यात किंवा हातात पट्टा घालून उचलणे धोक्याचे.

उतरवण्याच्या कामात सर्वांत आधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे लागते आणि खरी अडचण तिथेच येते. टेनेसीच्या २०१३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागेवरील स्मारक हलवायला राज्य आयोगाची परवानगी लागे. मेम्फिस शहराला ती नाकारली गेली, तेव्हा २० डिसेंबर २०१७ रोजी शहराने दोन उद्याने प्रत्येकी १,००० डॉलरला एका ना-नफा संस्थेला विकली. जागा खासगी झाली आणि त्याच रात्री गुलामांचा व्यापारी नेथन बेडफर्ड फॉरेस्ट आणि कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे पुतळे खाली आले. त्यानंतर विधिमंडळाने शहराचे अडीच लाख डॉलरचे अनुदान कापले आणि कायद्यातली ही वाट बंद केली. अलाबामाच्या २०१७ च्या कायद्यात २५,००० डॉलर दंड आहे. बर्मिंगहॅमने आधी स्मारकाला प्लायवूडचे कुंपण घातले, ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले आणि जून २०२० मध्ये दंड सोसून स्तंभ काढलाच. व्हर्जिनियाने त्याच वर्षी जुलैपासून निर्णय स्थानिक संस्थांकडे दिला. जाहीर सूचना, सुनावणी आणि ३० दिवस संग्रहालये किंवा इतिहास संस्थांना देऊ करणे, असा तो क्रम आहे. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात स्मारकासमोर रोज राहणारे लोक बोलू शकतात.

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथील, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा मात्र राज्याच्या मालकीचा होता. २१ फूट उंच, सुमारे १२ टन वजनाचे ब्राँझ, चौथऱ्यासह ६० फूट. राज्यपालांनी जून २०२० मध्ये तो हटवण्याचे जाहीर केले. दावे व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले २ सप्टेंबर २०२१ रोजी आणि ८ सप्टेंबरला क्रेनने पुतळा उचलला. रस्त्यातल्या पुलांखालून जाणे शक्य नव्हते म्हणून तो कमरेपाशी कापून दोन भागांत नेला. कोनशिलेत त्या काळच्या वस्तू ठेवलेली १८८७ ची पेटी असल्याची नोंद होती. दुसऱ्या दिवशी कामगारांनी चौथऱ्यात ती तासन्‌तास शोधली, तरी मिळाली नाही. डिसेंबरमध्ये चौथरा दगडादगडाने उतरवला तेव्हा ती हाती लागली.

जमावाने दोर लावून पुतळा ओढणे मला मान्य नाही. जून २०२० मध्ये व्हर्जिनियातील पोर्ट्‌समथ येथे असा पुतळा एका आंदोलकाच्या डोक्यावर पडून तो गंभीर जखमी झाला. शिवाय जिथे सुनावणी होत नाही, तिथे दप्तरही तयार होत नाही.

हटवता येत नसेल तर शेजारी माहितीफलक लावतात. कायद्याने हात बांधलेल्या अटलांटाने २०१९ मध्ये तसे केले. फलक उपयोगी आहे, पण त्याची ताकद आकारावर ठरते. त्याच जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन डोंगराच्या कड्यावर कॉन्फेडरसीच्या तीन नेत्यांचे १९७२ साली पूर्ण झालेले ९० फूट उंच, १९० फूट रुंद शिल्प आहे, त्यापुढे कोणता फलक टिकणार? उलट दिशेनेही गाडी फिरते. वॉशिंग्टनजवळच्या अर्लिंग्टन या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीतून डिसेंबर २०२३ मध्ये काढलेले कॉन्फेडरसीचे स्मारक परत बसवण्याची घोषणा ऑगस्ट २०२५ मध्ये झाली.

इतिहास पुसला जाण्याची खरी उदाहरणे वेगळीच आहेत. १ मे १८६५ रोजी चार्ल्सटनमध्ये मुक्त झालेल्या गुलामांनी, घोडदौडीच्या मैदानावरील तुरुंगात मेलेल्या २५७ उत्तरेकडील सैनिकांच्या कबरींवर फुले वाहिली. त्याआधी त्यांनीच त्या कबरी नीट करून भोवती कुंपण घातले होते. सुमारे दहा हजार लोक जमले होते. हा प्रसंग पुढे शतकभर जवळजवळ विस्मृतीत गेला. उत्तरेच्या सैन्यात आणि नौदलात मिळून जवळपास दोन लाख काळे सैनिक होते. त्यांचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभे राहायला १९९८ साल उजाडले. तिथल्या भिंतीवर २,०९,१४५ नावे आहेत. काळ्या शिपायांची पलटण आणि तिचा गोरा कर्नल रॉबर्ट शॉ यांच्या बोस्टनमधील १८९७ च्या स्मारकावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे सुरुवातीपासून होती, मेलेल्या काळ्या शिपायांची नावे कोरली गेली १९८० च्या दशकात.

आपणांस विनंती एवढीच : पुढच्या वेळी अशी बातमी छापताना छायाचित्राखाली युद्ध संपल्याचे साल, पुतळ्याच्या अनावरणाचे साल, उभारणाऱ्या संस्थेचे नाव आणि जमिनीचा मालक, या चार गोष्टी द्याव्यात. दोन ओळींत मावतात.

आपला,
एक वाचक