आवाहन : मुले तयार आहेत, मोठी माणसे हवीत

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसह होणारी दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या पुळणीची (वाळूच्या किनाऱ्याची) स्वच्छता यंदा अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला सकाळी सात ते नऊ या वेळेत करण्याचे मंडळाच्या सभेत ठरले आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिन पाळला जातो; परंतु आपण तिथी पाहून दिवस धरतो, कारण वद्य चतुर्थीला ओहोटी नऊच्या सुमारास पुरी होते आणि पाणी मागे हटत असताना मुलांना काम करता येते. ही शहाणी सूचना आपल्या वयोवृद्ध तांडेलांची (होडीच्या नाखव्यांची) असून, प्रकृती साथ देत नसतानाही ते दर वर्षी पाण्याच्या कडेला काठी रोवून उभे राहतात आणि त्या काठीपुढे एकही मूल जाऊ देत नाहीत.

बाजारपेठेतील आपल्या किराणा व्यापाऱ्यांनी आजवर गोणी मोजून न देता लागतील तितक्या दिल्या. बचत गटाच्या भगिनींनी पहाटे उठून पोहे केले आणि कोकम सरबताची भांडी स्वतः पुळणीवर वाहून आणली. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या हाताला गळ लागला तेव्हा आपल्या डॉक्टरबाई दवाखाना सोडून धावत आल्या. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली वेळासला सुरू केलेले कासव संवर्धन पुढे आपल्याही किनाऱ्यावर रुजले, याचा आपल्याला अभिमान आहे. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नोव्हेंबरपासून या माद्या येऊ लागतात, तेव्हा पावसाळ्यात वाहून आलेले जाळ्यांचे गुंते त्याआधी निघालेच पाहिजेत.

खेदाने लिहावे लागते की, गेल्या वर्षी फोटो काढून झाल्यावर बरीच मोठी माणसे निघून गेली आणि कबूल केलेले वाहन आलेच नाही. मुलांनी भरलेल्या गोणी रस्त्याकडेला पडून राहिल्या, कुत्र्यांनी त्या फाडल्या, आणि तोच कचरा ओलांडून मुले शाळेत जात राहिली. असे का झाले, या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. मदतीच्या पत्रांनाही अनेकांनी साधी पोच दिली नाही.

म्हणून यंदा मंडळाने निश्चय केला आहे की, दहा मुलांमागे एक जबाबदार मोठी व्यक्ती, पुरेसे हातमोजे आणि वाहनाची खात्री झाल्याखेरीज मुलांना पुळणीवर उतरवायचे नाही. सातवीच्या खालची मुले घेतली जाणार नाहीत आणि पालकांचे संमतिपत्र आवश्यक राहील. फुटक्या बाटल्या, सुया, गळ आणि मेलेले प्राणी यांना मुलांनी हात लावायचा नाही; खूण करून मोठ्यांना बोलवायचे, आणि त्यांनी चिमट्याने ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. किनाऱ्याला लागलेले झार (जेलीफिश) निर्जीव दिसले तरी डंख करतात, त्यामुळे त्यांपासून दूर राहावे. वाळूत रुतलेली जाळी ओढू नयेत. ती होडीवाले बांधव कापून काढतील. वरच्या अंगाची मर्यादवेल उपटू नये, कारण वाळू तीच धरून ठेवते.

रबरी तळव्याचे हातमोजे (मुलांच्या मापाचे), लांब चिमटे, झाकणाचे डबे, प्रथमोपचाराचे साहित्य, पिण्याचे पाणी, हात धुण्याचा साबण आणि चालकासह एक पिकअप यांची गरज आहे. रोख देणगी खजिनदारांकडे द्यावी व पावती घ्यावी. मुंबईकरांनी ती मुंबई शाखेत जमा करावी. वस्तू सर्वपित्री अमावास्येची वाट न पाहता अनंत चतुर्दशीपर्यंत वाचनालयात पोहोचवाव्यात. स्वयंसेवकांनी बूट घालून साडेसहाला शाळेच्या पटांगणात यावे, चप्पल चालणार नाही. कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनाला नऊनंतर जाता येईल. जोराचा पाऊस किंवा वारा असल्यास मोहीम रद्द होऊन पुढील तारीख शाळेच्या फलकावर लिहिली जाईल. गोणी गाडीत चढेपर्यंत थांबण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीच नाव नोंदवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
सचिव