क्रमवारी कोणाची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या बातम्यांत ‘देशात तिसरा’, ‘देशात सातवा’ असे सर्रास छापून येते. पण असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेची, पत्रकारांच्या मतांची क्रमवारी वेगळी, प्रशिक्षकांचा ‘कोचेस पोल’ वेगळा आणि २०१४ पासून प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीचे संघ ठरवणाऱ्या १३ जणांच्या निवड समितीची यादी वेगळी. यातला कोचेस पोल सर्वांत जपून वाचावा. ज्यांचे संघ शर्यतीत आहेत, तेच तिथे मतदार असतात.

प्रत्येक मतदार २५ संघ लिहितो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, शेवटच्याला १. स्वतःचा संघ लिहायला आडकाठी नाही. प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्यावरून पाचव्यावर ढकलले की त्याचे ३ गुण गेले. साठेक मतदारांत ३ गुण म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण १९९७ च्या हंगामाचा अखेरचा कौल पाहा. नेब्रास्का १५२०, मिशिगन १५१६. दोघेही अपराजित. पहिल्या क्रमांकाची मते ३२ आणि ३०. सर्व ६२ जणांनी या दोघांनाच पहिले-दुसरे ठेवले असते, तर मिशिगनचे १५१८ झाले असते. म्हणजे कोणा एकाने त्यांना चौथे टाकले, नाहीतर दोघांनी तिसरे. एखादे मत फिरून ३१-३१ अशी बरोबरी झाली असती, तरी त्या २ गुणांपायी मिशिगन मागेच राहिले असते. मतपत्रिका गुप्त, त्यामुळे जाब कोणाला विचारणार?

२००५ पासून नियमित हंगामातली निदान शेवटची मतपत्रिका जाहीर होऊ लागली, म्हणूनच २०११ चे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) संघाविरुद्ध अंतिम सामना कोण खेळणार, अलाबामा की ओक्लाहोमा स्टेट, हाच प्रश्न होता. अलाबामाचे प्रशिक्षक निक साबन यांनी आपला संघ दुसरा ठेवला आणि ओक्लाहोमा स्टेट चौथा. संधी अलाबामाला मिळाली. तेव्हा अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या सूत्रात या पोलला एक तृतीयांश वजन होते! हेतू काय होता, हे सिद्ध करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. कोचेन आणि पोटोस्की या अभ्यासकांनी अशा उघड मतपत्रिका तपासल्या, तेव्हा प्रशिक्षकांचा कल स्वतःच्या संघाकडे, आपल्या कॉन्फरन्सकडे (म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे) आणि आपण हरवलेल्या संघांकडे झुकलेला आढळला.

२००६ मध्ये अंतिम सामन्यातली जागा पक्की झालेल्या ओहायो स्टेटचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी अखेरच्या फेरीत मतच दिले नाही. आपला प्रतिस्पर्धी ठरवण्यात आपला हात नको, ही भूमिका रास्त होती. निवड समितीतही ज्या विद्यापीठाकडून सदस्याला पगार मिळतो, त्याची चर्चा सुरू झाली की तो सदस्य खोलीबाहेर जातो. हाच नियम पोलला लावावा. मात्र स्वतःच्या संघाचे मत वगळले, तर गुणांची बेरीज करून चालणार नाही. मतदार नसलेल्या प्रशिक्षकाच्या संघाला त्यात आयता फायदा होईल, म्हणून सरासरी काढावी लागेल. प्रत्येक संघाची टोकाची दोन-चार मते वर-खाली छाटली, तर एकट्यादुकट्याची खोडी निष्प्रभ होते. अख्खी कॉन्फरन्स एका बाजूला झुकली, तर तो उपाय पुरत नाही. त्यासाठी मतपत्रिका दर आठवड्याला उघड हव्यात.

आपल्या क्रीडा पानावर क्रमांकापुढे ‘एपी’, ‘कोचेस’ किंवा ‘समिती’ एवढा एक शब्द घालावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे