टेकड्या वाचवाच, पण बंद खाणी आम्हाला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं, टेकडीवर बाईक घालणाऱ्या पोरांबद्दल. त्यांचा राग मला शंभर टक्के पटतो, सकाळी फिरायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या अगदी जवळून बाईक काढायची, पावसाळ्यात टायरने चर पाडायचे आणि मग त्याच चरातून सगळी माती वाहून जाते, हे चूकच आहे. पण पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की हे रेसिंगचं खूळच बंद करा, तिथे मात्र मला बोलायचंय. कारण दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः पहिली ऑफरोड, म्हणजे कच्च्या वाटेवरची, बाईक रेस केली. वय 36, दिवसभर बँकेत काउंटरला असते, मुलगी सातवीत आहे.

पुण्याजवळच एका खाजगी माळावर सहा तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे दमाची रेस होती. आमची तिघांची टीम, माझी बाईक ज्यांच्या गॅरेजला असते ते दादा, त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा आणि मी, तिघांत मिळून एकच बाईक, हिरोची एक्सपल्स 200. साधारण सात किलोमीटरचा लॅप, एका वेळी टीमचा एकच जण ट्रॅकवर, आणि सहा तासांत जी टीम जास्त लॅप मारेल ती पुढे. म्हणजे इथे नुसत्या स्पीडला काही अर्थ नाही, बाईक मोडली तर तिघांचीही रेस संपली, त्यामुळे आपण ती बाईक दुसऱ्याच्या हातात धड द्यायचीये हे डोक्यात पक्कं बसतं.

आदल्या दिवशी स्क्रुटिनी, म्हणजे बाईक आणि गियरची तपासणी झाली तेव्हाच मला कळलं की हे रस्त्यावरच्या धिंगाण्यापेक्षा किती वेगळं आहे. ब्रेक, चेन, हेल्मेटचा पट्टा, लीव्हरच्या टोकाला गोल बोंड आहे की नाही, सगळं हात लावून बघितलं. आरसे काढायला लावले, ब्लड ग्रुप लिहून घेतला, छातीचं आर्मर आणि गुडघ्याचे गार्ड घालून दाखवायला लावले. आणि आयोजकांनी स्पष्ट सांगितलं की ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत रेस थांबणार. काका, ज्या पोरांवर तुम्ही चिडलात त्यांना हे असं कुणी कधी दाखवलेलंच नाही हो.

माझा नंबर दुसरा होता. दादांनी सुरुवातीचे लॅप मारले, धुळीने नखशिखांत लाल होऊन आले, मी बसले आणि पहिले दहा मिनिटं हँडल इतकं घट्ट धरलं की कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखे झाले, बोटं उघडेनात. याला रायडर लोक आर्म पंप म्हणतात. उपाय सगळ्यांना पाठ असतो, टाकी गुडघ्यांनी दाबून धर, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभी राहा, हात सैल सोड, नजर चाकासमोर नको, लांब ठेव. पण हे अंगात उतरायला माझा अख्खा एक लॅप गेला. तिसऱ्या लॅपला ओढ्यानंतरच्या चढावर मागचं चाक सुट्या दगडांवर फिरलं, बाईक बंद पडली आणि माझ्यासकट आडवी झाली. सीट जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, माझे पाय नीट टेकत नाहीत, चढावर उचलायला मला एकटीला जमेना. तर दुसऱ्या टीमचा एक मुलगा, मी त्याला ओळखतसुद्धा नाही, स्वतःचा वेळ चाललेला असताना थांबला, मागून कॅरियरला धरून बाईक उभी केली, "ताई, क्लच हळू सोडा, गॅस एकसारखा ठेवा" एवढंच बोलला आणि गेला. वरती पिवळा झेंडा (म्हणजे पुढे धोका आहे, हळू या) घेऊन उभा असलेला मार्शल शेजारच्याच गावातला पोरगा होता, मी पडल्यापासून बाईक हलेपर्यंत तो मागून येणाऱ्या सगळ्यांना झेंडा दाखवत होता.

क्लचचा लीव्हर तुटला असणार अशी माझी खात्री होती. तुटला नव्हता, फिरून खाली गेला होता. कारण सकाळीच दादांनी लीव्हरचा क्लॅम्प मुद्दाम पूर्ण आवळला नव्हता, पडल्यावर तो जागेवर फिरावा, मोडू नये म्हणून. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या आमच्या दुरुस्तीच्या जागेत आल्यावर त्यांनी हाताने एक हिसका दिला आणि लीव्हर जागेवर. एअर फिल्टर बदलला, जुना काढला तेव्हा त्यात मूठभर लाल माती होती. पेट्रोल भरताना इंजिन बंद, मला बाईकवरून उतरवून लांब उभं केलं आणि मगच कॅन उघडला. बावीस वर्षं हा माणूस गॅरेज चालवतोय, त्याचं नाव कुठल्याच पेपरात येणार नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही सहा तास पूर्ण केले, तळातल्या चार टीममध्ये होतो. पण घरी येऊन मी अंघोळीला जाण्याआधी मुलीने विचारलं, आई, बायका करतात का गं हे? मी तिला ऐश्वर्या पिस्से दाखवली, बंगळुरूची, तिने 2019 ला बाजा वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे खडतर मोकळ्या रानातल्या बाईक शर्यतींच्या मालिकेत, महिलांचं विजेतेपद मिळवलं. 2015 ला सी. एस. संतोषने बाईकवर डकार, जगातली सगळ्यात अवघड समजली जाणारी रॅली, पूर्ण केली, असं करणारा पहिला भारतीय, आणि 2024 ला हरिथ नोआ त्याच डकारमध्ये बाईकच्या रॅली 2 गटात (अव्वल रायडरांच्या खालचा गट) पहिला, एकूणात अकरावा. तुमच्या क्रीडा पानावर क्रिकेटला रोज अख्खं पान असतं, मला क्रिकेटही आवडतं, पण महिन्यातून एकदा चार ओळी यांच्यासाठी द्या ना.

आणि मुख्य मागणी. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हाच आहे, पाच हजारांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो, ते तसंच राहू दे, उलट कडक करा. टेकडीवर तर कुणी जाऊच नये. पण पोरांनी जायचं कुठे हे कुणीतरी सांगा. जिल्ह्यात कितीतरी दगडखाणी बंद पडून आहेत, त्यातल्या ज्या धोक्याच्या नाहीत अशा एक-दोन जिल्हा प्रशासनाने तपासून कुंपण घालून रविवारी सकाळी उघडाव्यात, फी घ्या, गियर नसेल त्याला आत सोडू नका, एक ॲम्ब्युलन्स आणि दोन मार्शल ठेवा. मार्शलचं काम शेजारच्या गावातल्या पोरांना द्या, त्यांना ते नीट जमतं हे मी बघितलंय.

पत्र लिहिणाऱ्या काकांना माझी मनापासून विनंती आहे, पुढच्या रेसला आमच्या पिटमध्ये या. दादांच्या घरून पिठलं-भाकरी असते, सावलीला खुर्ची देऊ, आणि स्क्रुटिनी चालू असताना या म्हणजे सगळं नीट बघता येईल.

आपली,
एक वाचक, पुणे