सुमे, तुझं नाव तिने दिलंय

न्यू जर्सी
२६ एप्रिल २०२६

प्रिय सुमे,

पाडव्याला पाठवलेला गुढीचा फोटो मिळाला. गाठी सुरेख होती, साडीच्या निऱ्या तुझ्याच हातच्या हे न सांगता कळलं. उत्तर राहून गेलं. इकडे सगळे ठीक. माझं बीपी गोळीवर आटोक्यात आहे, यांचा खांदा दुखतो आणि सांगितलेले व्यायाम हे करत नाहीत. झाली तब्येतीची बातमी.

आता मुद्द्याचं. व्हॉट्सॲपवर हे मावणार नाही आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. विषय माझ्या ईशाच्या ईगलचा, म्हणजे इथल्या स्काउटिंगमधल्या सर्वांत वरच्या पायरीचा. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर आधी अर्धा तास काय असतं ते समजावत बसावं लागेल आणि शेवटी ती म्हणेल, कॉलेजच्या ॲडमिशनला उपयोग होतो का गं याचा? तुला तसं काही सांगावं लागत नाही.

इथलं ईगल म्हणजे आपल्या स्काउट-गाइडमधला राष्ट्रपती पुरस्कार. आपले प्रवेश, तीन सोपान, राज्य पुरस्कार, तसं यांचं टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ असं चढत जायचं. २१ मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयाचं काम पुरं केल्याचे बिल्ले, पथकात सहा महिने जबाबदारीचं पद, आणि एक मोठा सेवा प्रकल्प. हे सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत. शेवटची मुलाखत तेवढी नंतर झालेली चालते, बाकी काही नाही. ईशाचा वाढदिवस ९ जूनला. आज किती तारीख आहे ते वर लिहिलंच आहे.

तर जानेवारीत काय झालं ते ऐक. गावच्या सीनियर सेंटरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रात, भाजीचे वाफे बांधायच्या तिच्या प्रकल्पाला मंजुरी मिळून पडली होती. सेंटरची, पथकाची, स्काउटच्या कौन्सिलची, सगळ्यांची. बाईसाहेब जागच्या हलत नव्हत्या. पोहण्याच्या क्लासवरून तिला घरी आणत होते, बाहेर बर्फ, वायपर चालू. मी विचारलं, लाकडाचं कोटेशन आलं का? खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, हे माझं ईगल आहे की तुझं राष्ट्रपती?"

सुमे, मला उत्तर देता आलं नाही. घर येईपर्यंत दोघी गप्प होतो.

तिला हे ठाऊक कसं, असं विचारू नकोस. तूच सांगितलंयस. दोन उन्हाळ्यांपूर्वी सांगलीत तिला तुझं लॉगबुक दाखवलंस, आणि "तुझी आई माझ्यापेक्षा हुशार होती, तिला आण्णांनी पाठवलं नाही" हेही सांगितलंस. दहावीचं वर्ष, परराज्यातलं शिबिर, मुलगी एकटी जाणार नाही, विषय संपला. तू गेलीस. परत आल्यावर स्कार्फ घालून आमच्या दारावरून गेलीस, मला दिसावं म्हणूनच गेलीस. आजही तू नाही म्हणतेस. दुकान तुझ्या घराच्या डाव्या हाताला आणि आमचं घर उजव्या हाताला, मग काडेपेटी आणायला आमच्या दारावरून कशी गेलीस गं? पुढे बोर्डाने आपले नंबर एकाच वर्गात टाकले आणि भूमितीच्या पेपरला तुझी पट्टी हरवली म्हणून अबोला सुटला, नाहीतर आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं देव जाणे. माझं राज्यपालांच्या सहीचं प्रमाणपत्र आईकडे लोखंडी कपाटात आहे, तुझं राष्ट्रपतींच्या सहीचं हॉलमध्ये लावलंय. तुझ्याकडे आले की पहिली नजर तिकडेच जाते.

तर पोरीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ते तिला अजून बोलून दाखवलेलं नाही, तुला सांगते. मला ते हवंच आहे. लपवू कशाला? मी नदीकाठी तंबू ठोकलेत, ओल्या लाकडांवर पिठलं शिजवलंय, त्या वयात त्याने मला काय दिलं ते मला माहीत आहे, मग माझ्या लेकीला ते शेवटापर्यंत मिळावं असं मला वाटणारच. आईला काही वाटूच नये ही इथली नवी पद्धत मला पटत नाही. पण माझं हवंसं वाटणं तिच्या पाठीवर ओझं होऊन बसलं असेल तर? रात्ररात्र तोच विचार. हे म्हणाले, सोडू दे तिला, काय बिघडतं. मी ऐकून घेतलं. यांना काय सांगणार? यांचं शाळेतलं स्काउटिंग म्हणजे शनिवारी खाकी चड्डी घालून ग्राउंडवर भेळ.

आणि इथे मुलींना हे दार उघडून फार दिवस झालेले नाहीत. १९१२ साली लाँग आयलंडचा आर्थर एल्ड्रेड पहिला ईगल झाला, तिथून पुढे शतकभर फक्त मुलगे. मुलींची गर्ल स्काउट ही संस्था वेगळी, तिचं गोल्ड अवॉर्ड वेगळं. बॉय स्काउट संस्थेची पथकं मुलींसाठी २०१९ च्या फेब्रुवारीत उघडली आणि २०२१ मध्ये जवळजवळ हजार मुलींची पहिली तुकडी ईगल झाली. आपल्याकडे १९५१ पासून मुलगे-मुली एकाच संस्थेत आहेत, हे मी इथल्या पालकांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. ईशा आली २०२०च्या हिवाळ्यात, म्हणजे सगळं झूमवर. लॅपटॉपचा कॅमेरा खाली वाकवून पडद्यावर नुसते हात, आणि चौकोनाचौकोनातून पोरी बोलाइनची गाठ बांधताहेत. पलीकडच्या बाई "ससा बिळातून वर येतो" म्हणायच्या आणि स्क्रीन मध्येच गोठायचा. तशातून ही पोर इथवर आली. म्हणून जीव तुटतो.

मी गप्प राहिले. विचारणं बंद केलं. तुला ठाऊक आहे माझ्यासारखीला ते किती जड आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका रविवारी ती आपणहून वही घेऊन बसली. पर्सनल मॅनेजमेंटच्या बॅजसाठी १३ आठवड्यांचा जमाखर्च लिहावा लागतो, तो तिने सुरू केला. हे बॅज रात्रीत उरकता येत नाहीत, त्यांना कॅलेंडरच लागतं. फॅमिली लाइफला ९० दिवस घरातली ठरवलेली कामं करायची, ती मेअखेर संपतील. तोवर भांडी, कचरा आणि सोमवारचा स्वयंपाक तिच्याकडे. सोमवारी आम्ही सगळे मूगडाळीची खिचडी खातो आणि छान झालीय म्हणतो. हे म्हणतात, ईगल मिळाल्यावरही बॅज चालू ठेवता येत नाही का?

का सुरू केलं ते मला खूप नंतर, तेही दुसऱ्याकडून कळलं. सेंटरमध्ये एक गुजराती बा येतात, कंबरेतून पार वाकलेल्या. त्यांनी हिला लायब्ररीत गाठून विचारलं होतं, बेटा, माझी मेथी कधी लावायची? बस. मी एवढी वर्षं मागे लागले आणि काम केलं बांच्या मेथीने.

प्रकल्प तोच आहे. वाफे. पण जमिनीवरचे नाहीत, कंबरेच्या उंचीचे. सीडरच्या फळ्यांच्या पेट्या, ८ फूट लांब, ३ फूट रुंद, दोन्ही बाजूंनी हात पोचेल अशा. ज्यांना वाकता येत नाही किंवा जे चाकाच्या खुर्चीत आहेत त्यांनाही माती हाताळता यावी म्हणून. काल कामाचा पहिला शनिवार होता, आणि काल जे पाहिलं त्यासाठीच खरं तर हे पत्र.

या प्रकल्पात स्वतः किती घाम गाळला ते कुणी मोजत नाही. दुसऱ्यांचं नेतृत्व केलं का, एवढंच बघतात. ईशाला सगळं स्वतः करायची सवय, मदत मागायची म्हटलं की चेहरा पडतो, हे तुला माहीत आहे. मला धास्ती त्याचीच होती. काल सकाळी पोचलो तर ही हातात खडू घेऊन पेव्हरवर वाफ्यांच्या जागा आखत होती. हे म्हणाले, थोडे जवळ सरकवले तर पाचवा वाफा बसेल. ही काही बोलली नाही. आत गेली, सेंटरची एक चाकाची खुर्ची घेऊन आली, स्वतः तीत बसली आणि खडूच्या दोन रेघांमधून चाकं फिरवत गेली, वळली, परत आली. "३६ इंच लागतात, बाबा. चारच." यांनी ड्रिल खाली ठेवलं. गोल करवत अठरा वर्षांवरच्यांनीच चालवायची असा नियम आहे, म्हणून फळ्या कापायला हे होते, पण माप तिचं.

मग मातीचा ट्रक आला आणि ड्रायव्हरने सगळा ढीग मागच्या अंगणाऐवजी पुढे पार्किंगमध्ये ओतला. सात घनयार्ड माती, गं. ट्रक गेलासुद्धा. मी समोसे-चहाच्या टेबलामागे उभी, ओठ घट्ट मिटून. ईशा ढिगाकडे बघत राहिली. आता रडते की काय असं मला वाटलं. पण तिने शिट्टी काढली. हातगाड्यांची एक फळी, बादल्यांची एक, आणि पथकातली सगळ्यांत अबोल मुलगी, जिला मी वर्षभरात दोन वाक्यं बोलताना ऐकलं नाही, तिच्या हातात वही दिली: कुठल्या वाफ्यात किती गाड्या पडल्या ते तू सांगायचं, बाकीचे तुझं ऐकतील. ती पोरगी संध्याकाळपर्यंत ओरडत होती. ईशाने स्वतः फावडं क्वचितच हातात घेतलं. तिला किती कष्ट पडत असतील ते न घेताना, मला दिसत होतं.

आणि शेवटी मांडव. एका वाफ्यावर कारली आणि घेवडा चढवायचा म्हणून बांबूचा. स्क्वेअर लॅशिंग, दोन काठ्या काटकोनात बांधायची आपली तीच रीत! क्लोव्ह हिचच्या गाठीने सुरुवात, तीन वेढे, दोन आडवे आवळून, पुन्हा क्लोव्ह हिच. जगात कुठेही जा, तेच. अकरा वर्षांची एक चिमुरडी बांधत होती आणि तिची पहिलीच गाठ बांबूवरून घसरत होती. माझे हात शिवशिवले. ईशा तिच्याशेजारी उकिडवी बसली, गाठ सोडली, दोरी परत तिच्याच हातात दिली आणि म्हणाली, पुन्हा. तिसऱ्या खेपेला बसली. सुमे, तू हरिपूरच्या शिबिरात माझ्या हातातून दोरी हिसकावून घेतली होतीस, आठवतं? म्हणालीस, तुझ्याने व्हायचं नाही, उजेड जातोय. आणि रात्री वाऱ्याने आपण बांधलेलं शिबिराचं गेट पडलं ते तुझ्याच बाजूने पडलं, कारण तुझा रीफ नॉट नेहमी ग्रॅनी, म्हणजे चुकीची सुटणारी गाठ, व्हायचा. बाईंनी दोघींनाही पहाटे उठवून परत बांधायला लावलं, ते वेगळं.

अजून खूप बाकी आहे. दोन वाफे अर्धे आहेत. रात्रीच्या गारठ्याची भीती मेच्या मध्यापर्यंत जात नाही, मेथी त्यानंतर. मग अहवाल, सेंटरची सही, स्काउटमास्तरांची सही, त्यांच्यासोबतची बैठक. एक शनिवार पावसात गेला तर काय, हा हिशोब मी रोज मनात करते आणि तिला विचारत नाही.

तुझ्यापर्यंत येते. अर्जात शिफारशीसाठी नावं द्यावी लागतात. आईवडील, शाळा, धर्माचं कुणी, आणि आणखी दोन. मी पियानोच्या बाई सुचवल्या, समोरचे डॉक्टर सुचवले. तिने तुझं नाव लिहिलं. मला विचारलं नाही, तुझा ईमेल तेवढा मागितला. समितीकडून तुला पत्र येईल. उत्तर थेट त्यांना जातं, तिला किंवा मला दाखवायचं नाही असा नियमच आहे, तेव्हा कृपा करून मला आधी वाचायला पाठवू नकोस. इंग्रजीची चिंता करू नकोस, साधं लिही. आणि खरं लिही. तुझ्याकडे असताना तुझ्या सासूबाईंशी उलट बोलली होती तेही लिहायचं असेल तर लिही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायाला तेल चोळत बसली होती तेही. तू परीक्षा दिलेली आहेस, काय बघायचं असतं ते तुला कळतं. मी लिहायला बसले तर आईच लिहील.

तुझं काय? बदलीचं झालं का नक्की, की अजून मिरजेलाच? ओंकारची नीट आता आठवड्यावर आली, त्याला माझे आशीर्वाद सांग आणि आदल्या रात्री जागू देऊ नकोस. सासूबाईंचा दुसरा डोळा झाला का? भडंगाचं पाकीट कुरिअर करू नकोस, मागच्या वेळी चुरा होऊन आलं. डिसेंबरात आम्ही येतो तेव्हा घेईन.

मेल जंकमध्ये जातो कधीकधी, तिथेही बघ. मेच्या १५ तारखेच्या आत उत्तर गेलं पाहिजे.

तुझी,
मंगल